ज्वारीचा पिझ्झा बेस जरूर विका, पण ‘ग्लूटेन-फ्री’ हा शब्द उगाच छापू नका



मागच्या व्हिडिओत आपण ज्वारीचा पिझ्झा बेस घरच्या घरी कसा करायचा ते बघितलं. व्हिडिओ आवडला असं बऱ्याच जणांनी सांगितलं, छान वाटलं. पण त्याच्या पाठोपाठ एकच प्रश्न फिरून फिरून आला, “ताई, याच्या पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलं तर चालेल ना? ज्वारीत ग्लूटेन नसतंच की!”

व्हिडिओत दोन वाक्यांत उत्तर दिलं होतं, पण ते पुरेसं नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या स्वयंपाकघरात रोज चपात्या होतात, त्या स्वयंपाकघरात केलेल्या बेसवर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहून विकू नका. बेस विका, चांगला भाव घ्या, ज्वारीचं नाव मोठ्या अक्षरात छापा. पण तो एक शब्द तुमच्याकडे त्याची तयारी असल्याशिवाय वापरू नका.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाहीये. ही चूक मी स्वतः केलेली आहे.

माझी चूक

माझं सांगलीत बेकिंगच्या सामानाचं दुकान आहे. बीबीए करताना मार्केटिंगच्या तासाला एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती, की आपल्या मालात दुसऱ्याकडे नाही असं काहीतरी पाहिजे, यूएसपी पाहिजे. दुकान सुरू झाल्यावर मी घरी ज्वारीचे बेस करून काउंटरवर ठेवायला लागले. ‘ज्वारीचा पिझ्झा बेस’ असं लिहिलं होतं तेव्हा आठवड्याला दहा-बारा पाकिटं जायची. मग मी प्रिंटरकडून हिरव्या रंगाचे गोल स्टिकर छापून आणले, ‘१००% ग्लूटेन-फ्री’. त्या आठवड्यात तीस पाकिटं गेली. मला वाटलं, सापडला यूएसपी!

तिसऱ्या आठवड्यात एक बाई दुकानात आल्या. आधी दोनदा बेस घेऊन गेल्या होत्या. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा, त्याला सिलिएक आहे. त्या भांडायला आल्या नव्हत्या. शांतपणे म्हणाल्या, “ताई, पिझ्झा खाल्ल्यावर दोन दिवस त्याचं पोट बिघडलं होतं. तुमच्यामुळेच झालं असं म्हणत नाही मी. फक्त विचारायला आले. तुमची ज्वारी कुठल्या गिरणीत दळता?”

मी सांगितलं, “आमच्या गल्लीतल्या.”

“तिथं गहू पण दळतात का?”

मी गप्पच बसले. दळतात म्हणजे काय, दिवसभर गहूच दळतात!

“आणि तुमच्या घरी चपात्या होतात का? परात तीच असते का?”

त्या बाईंना माझ्या मालाबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, कारण त्यांना ते कळून घ्यावंच लागलं होतं. त्या मुलाला माझ्या बेसमुळेच त्रास झाला हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण माझ्यामुळे झाला नाही, हेसुद्धा मला सांगता येत नव्हतं. आणि ‘१००%’ लिहिणाऱ्याला ते सांगता आलं पाहिजे.

त्या संध्याकाळी काउंटरवरच्या सगळ्या पाकिटांचे स्टिकर मी नखानं खरवडून काढले. वहीत ज्यांचे नंबर होते त्यांना फोन केले. तीन-चार जणांनी पैसे परत मागितले, दिले. दोन जण म्हणाले, “अहो, आम्ही तर डाएटसाठी खातो, आम्हाला काय फरक पडतोय!” आणि नेमका इथंच आपला सगळा घोळ होतो.

एक शब्द, दोन गिऱ्हाईकं

‘ग्लूटेन-फ्री’ वाचून पाकीट उचलणारी माणसं दोन प्रकारची असतात. पहिली, ज्यांना मैदा कमी करायचाय, काहीतरी वेगळं खाऊन बघायचंय. त्यांच्या पोटात चिमूटभर गहू गेला तर काही बिघडत नाही. दुसरी, ज्यांना सिलिएक आहे. ही साधी ‘पचत नाही’ची तक्रार नव्हे. गहू, जव किंवा राय यांमधलं ग्लूटेन पोटात गेलं की त्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याचं अस्तर खराब होतं, अन्न अंगाला लागत नाही, मुलांची वाढ खुंटू शकते. यावर उपाय एकच, आयुष्यभर ग्लूटेन टाळायचं. ‘आजच्या दिवस चालेल’ असा प्रकार त्यांच्याकडे नसतो.

पहिल्या गिऱ्हाइकाला तो शब्द म्हणजे फॅशन, दुसऱ्याला तो औषधाच्या चिठ्ठीसारखा. पाकीट मात्र दोघं एकच उचलतात. आणि कुठलं पाकीट कुणाच्या घरी जाणार हे आपल्या हातात नसतं.

किती गहू चालतो? हिशेब बघा

आपल्याकडे एफएसएसएआयचा नियम आहे. ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून विकायच्या पदार्थात एका किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. आता हा आकडा स्वयंपाकघरात आणून बघू. गव्हाच्या पिठात ढोबळमानानं आठ टक्के ग्लूटेन धरलं, तर २० मिलिग्रॅम ग्लूटेन यायला किती पीठ लागेल? पाव ग्रॅम. फक्त पाव ग्रॅम! घरातला मापाचा सगळ्यात छोटा, म्हणजे पाव चमचा घ्या. तो सपाट भरला तरी त्यात साधारण अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त पीठ बसतं. म्हणजे एक किलो मालात अर्धासुद्धा भरलेला नाही असा पाव चमचा गव्हाचं पीठ गेलं, की तुमचं पाकीट खोटं ठरलं.

आता तुमच्या ओट्याकडे बघा. चपात्या लाटताना पीठ किती उडतं? तेवढ्यात बाजूला ज्वारीचं पीठ उघडं असेल तर?

गहू कुठून कुठून शिरतो

माझ्या चुकीनंतर मी एक यादी केली. ती तुम्हालाही देते.

१. गिरणी. गहू दळून झाल्यावर जात्यात आणि नळीत पीठ राहतंच. तुमची ज्वारी पडली की ते तिच्यात येतं. ‘आधी थोडी ज्वारी दळून बाजूला काढली’ यानं कमी होतं, पण किती कमी झालं ते कळत नाही.

२. धान्य. अडतीवर एकाच फडीवर, एकाच मापानं गहू-ज्वारी हाताळली जाते. ज्वारी निवडताना त्यात गव्हाचे दाणे सापडतात, हे आपल्या आयांना विचारा.

३. परात, पोळपाट, लाटणं, चाळण. लाकडाच्या भेगांतून आणि चाळणीच्या जाळीतून पीठ पूर्ण निघत नाही.

४. हिंग. बाजारातला बांधानी हिंग बहुतेक वेळा पिठात मिसळलेला असतो, आणि ते पीठ अनेकदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. सॉसला फोडणी दिलीत की आत गेलं.

५. सोया सॉस, तयार सीझनिंग, तयार मसाले. पाकीट उलटं करून घटक वाचा. सोया सॉस करताना बऱ्याचदा गहू वापरतात.

६. ओट्स. ओट्समध्ये मुळात गव्हाचं ग्लूटेन नसतं, पण शेतात आणि कारखान्यात त्यात गहू-जव मिसळण्याचं प्रमाण मोठं असतं.

७. ओव्हन. ज्या ट्रेमध्ये सकाळी नानखटाई भाजली, त्याच ट्रेमध्ये दुपारी ज्वारीचा बेस!

आता प्रामाणिकपणे सांगा, यातल्या किती गोष्टी तुमच्या घरी वेगळ्या आहेत?

मग काय करायचं? बेस करायचाच!

ही यादी वाचून गप्प बसू नका. माल चांगला आहे, मागणी आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हापासून शहरातलं गिऱ्हाईकसुद्धा ज्वारी-नाचणी मुद्दाम मागतं. ज्यांनी व्हिडिओ बघितला नाही त्यांच्यासाठी प्रमाण परत देते. यात सात इंचाचे तीन बेस होतात.

ज्वारीचं पीठ १५० ग्रॅम, तांदळाचं पीठ ७५ ग्रॅम, टॅपिओका स्टार्च ७५ ग्रॅम, इसबगोल १५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, साखर १० ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, तेल २० ग्रॅम, पाणी साधारण ३०० मिली.

मैद्याचा गोळा ताणला जातो तो ग्लूटेनमुळे. ते इथं नाही, म्हणून चिकटपणा दुसरीकडून आणावा लागतो. आपल्याला तो जुनाच उपाय माहीत आहे, उकड! १५० मिली पाणी उकळून त्यात ५० ग्रॅम ज्वारीचं पीठ घाला, हलवून झाकून ठेवा. भाकरी थापताना चिरू नये म्हणून गरम पाणी का घेतो? स्टार्च फुलून चिकट व्हावा म्हणून. तेच हे. राहिलेल्या कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट घाला, फेस आला की इसबगोल घालून दहा मिनिटं ठेवा, घट्ट जेलीसारखं होतं. मग उकड कोमट झाली की सगळं एकत्र मळा. गोळा कणकेसारखा होणार नाही, थालीपिठाच्या पिठासारखा सैलसर राहील. घाबरून वरून पीठ घालू नका.

लाटायचं नाही. बटर पेपरवर तेलाच्या हातानं थापायचं, झाकून पाऊण तास ठेवायचं. २१० डिग्रीला तापलेल्या ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटं, वरून कोरडा झाला पण लाल झाला नाही एवढाच भाजायचा. जाळीवर पूर्ण गार करायचा. गरम पाकिटात भरलात तर आत वाफ धरते आणि बुरशी लवकर येते. माझ्याकडे फ्रीजमध्ये मी तीन दिवसांचीच मुदत देते. तुम्ही तुमची मुदत ठरवताना प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट स्वतःकडे ठेवून रोज बघा.

पैशाचा हिशेब

माझ्या भागातल्या भावानं मांडते, तुम्ही तुमचे भाव घाला. तीन बेसना ज्वारी १०.५०, तांदूळ ४.५०, स्टार्च ९, इसबगोल १८, यीस्ट ३, तेल ३, साखर-मीठ १. एकूण ४९ रुपये, म्हणजे एका बेसला साधारण १६. बघा, सगळ्यात महाग ज्वारी नाही, इसबगोल आहे! तो किरकोळ डबीतून न घेता मोठ्या पॅकमध्ये घेतलात तर तिथंच बचत होते.

पुढे वीज ४, पाकीट आणि लेबल ८, खराब निघालेले बेस २. झाले ३०. आता तुमची मजुरी. ती धरायची नाही ही आपल्या बायकांची जुनी सवय, ती आजपासून बंद! तीन तासांत बारा बेस होत असतील आणि तासाचे १०० रुपये धरले, तर एका बेसला २५. खर्च झाला ५५ रुपये. १०० रुपये एमआरपी ठेवलीत, दुकानदाराला २५ टक्के दिले, तर तुमच्या हातात ७५ येतात. २० रुपये नफा, मजुरी वेगळी. मैद्याचा बेस याच्या निम्म्याहून कमी भावात मिळतो, तरीही ज्वारीसाठी लोक १०० रुपये देतात, हा माझा काउंटरवरचा अनुभव आहे. लक्षात घ्या, या हिशेबात ‘ग्लूटेन-फ्री’ हा शब्द कुठेच नाही.

दोन रस्ते

पहिला रस्ता, बहुतेकांसाठी हाच बरोबर. पाकिटावर ‘ज्वारीचा पिझ्झा बेस, मैदा घातलेला नाही’ एवढंच लिहा. खाली स्वच्छ अक्षरात, ‘आमच्या स्वयंपाकघरात गहूही वापरला जातो. सिलिएक असलेल्यांसाठी नाही.’ एफएसएसएआयचं बेसिक रजिस्ट्रेशन फॉसकॉसच्या साइटवर करून घ्या आणि चौदा आकडी नंबर छापा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, मुदत, पत्ता, एमआरपी, हिरवी खूण हे सगळं हवं. वजन कमी होतं, शुगर उतरते असले दावे करू नका. या बेसमध्ये तांदूळ आणि स्टार्चही आहे, तो काही औषध नाही. आणि ‘मंगळवेढ्याची ज्वारी’ लिहायचं असेल तर ती खरोखर मंगळवेढ्याचीच पाहिजे. त्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय मिळालंय, ते नाव तिथल्या शेतकऱ्यांनी कमावलेलं आहे.

दुसरा रस्ता, ज्यांना खरंच सिलिएकवाल्यांसाठी काम करायचंय त्यांच्यासाठी. वेगळी खोली, जिथं गहू येणारच नाही. घरगुती चक्की, जी फक्त ज्वारी-तांदळाला. वेगळी भांडी, वेगळा ओव्हन, वेगळा ॲप्रन. कच्चा माल ज्याचा तपासणी अहवाल मिळतो असा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधून तयार बेसची ग्लूटेन तपासणी. एकदा नाही, ठरावीक काळानं परत परत. आधी कोटेशन घ्या, तो खर्च बेसच्या किमतीत धरा. किंमत १०० वरून बरीच वर जाईल, जाऊ दे. ज्या घरात सिलिएकचं मूल आहे ते घर भावापेक्षा खात्री बघतं, आणि खात्री पटली की वर्षानुवर्षं तुमच्याकडेच येतं. हा खरा धंदा आहे, पण भांडवल आणि शिस्त दोन्ही मागणारा.

तिसरा रस्ता, म्हणजे पहिल्या रस्त्याचं स्वयंपाकघर आणि दुसऱ्या रस्त्याचं लेबल. मी त्याच रस्त्यानं गेले होते.

“पण सगळेच लिहितात ना!”

हे मला दर बॅचमध्ये ऐकायला मिळतं. बाजारात सगळे लिहितात, आपण नाही लिहिलं तर मागे पडू. खरं आहे, विक्री कमी होते. माझी तीसवरून परत पंधरावर आली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! पण तुम्ही छोटे आहात, हे विसरू नका. मोठ्या कंपनीचं एक उत्पादन बदनाम झालं तर तिच्याकडे दुसरी पन्नास असतात. तुमच्याकडे एक बेस, एक नाव आणि एक गल्ली आहे. ज्या सोसायटीच्या ग्रुपवर तुमची ऑर्डर येते, त्याच ग्रुपवर एक वाईट मेसेज पडला की संपलं. आणि पाकिटावर चुकीचा दावा छापणं हा कायद्यानंही गुन्हा आहे, ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

कुणी म्हणेल, मग आमच्यासारख्या गरीब उद्योजिकेनं काय महागडी लॅबच करत बसायची? नाही हो. लॅब दावा करणाऱ्यासाठी आहे. दावा करू नका, लॅबची गरज नाही. ज्वारी हेच तुमचं भांडवल आहे, ते खरं आहे आणि ते सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्या बाई अजूनही माझ्या दुकानात येतात. बेस घेत नाहीत, मी देतही नाही. तपासणी झालेलं, सीलबंद स्टार्च आणि पीठ मी त्यांच्यासाठी मागवून ठेवते, पिझ्झा त्या घरीच करतात. मागच्या महिन्यात त्यांनी आणखी दोन आयांना माझ्याकडे पाठवलं. म्हणाल्या, “या ताई नाही असेल तर नाही म्हणून सांगतात.”

या आठवड्याचा अभ्यास

वही घ्या. तुमच्या मालाच्या पाकिटावरचा प्रत्येक शब्द एका ओळीत लिहा. ‘घरगुती’, ‘ताजं’, ‘शुद्ध’, ‘सेंद्रिय’, ‘ग्लूटेन-फ्री’, जे असेल ते. प्रत्येकासमोर लिहा, उद्या एखादी आई दुकानात येऊन ‘कशावरून?’ म्हणाली तर मी काय दाखवेन? ज्या शब्दासमोरची जागा रिकामी राहील, तो शब्द पुढच्या छपाईत काढून टाका.

तुमच्या यादीत कुठला शब्द निघाला ते मला नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत आपण लहान उद्योगासाठी लेबल कसं तयार करायचं ते प्रत्यक्ष करून बघू. तोपर्यंत बेस थापत राहा, आणि मजुरी धरायला विसरू नका!